सहीचा नकाशा

उंब्रज, मसूर, चाफळ, पाटण ह्या कृष्णा, तारळी आणि कोयनेच्या खोऱ्यांतील गावांमधून गेली शंभर-सव्वाशे वर्षे जी माणसे पोटापाण्यासाठी मुंबईस गेली, गिरणीत साच्यावर उभी राहिली अथवा गोदीत आणि दाणाबंदरात ओझी वाहू लागली, त्यांतील कित्येकांना त्या महानगराचे पहिले दर्शन घडले ते बोरीबंदरच्या स्थानकातून बाहेर पाऊल टाकताना. पाठीमागे घुमटाखाली विसावलेले ते विस्तीर्ण स्थानक आणि समोर, रस्त्याच्या दुसऱ्या अंगास, दोन मार्गांच्या बेचक्यात उंच मनोरा धरून उभी असलेली महानगरपालिकेची इमारत, असा तो देखावा. ह्या दोन्ही वास्तू एकाच वास्तुविशारदाच्या, फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स ह्यांच्या, कल्पनेतून उतरल्या आहेत, आणि त्यांपैकी दुसरी वास्तू, म्हणजे नागरिकांच्या कारभाराची वास्तू, कोणत्या रूपात उभी राहावी ह्याविषयी तिचा पाया भरण्यापूर्वी दोन भिन्न मते, दोन भिन्न शैली आणि दोन भिन्न आराखडे परस्परांसमोर उभे ठाकले होते, ही गोष्ट मात्र त्या फरसबंदीवरून रोज जाणाऱ्या लाखो लोकांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असते.

दगड सर्वांच्या दृष्टीस पडतो. त्या दगडाच्या आधी जन्मलेला कागद मात्र दप्तरात राहतो, आणि दप्तरातून तो नाहीसा झाला तरी कोणाच्या ध्यानी येत नाही. ज्या सार्वजनिक इमारतीविषयी वाद झाला, तिच्या कर्त्याने स्वहस्ते सही केलेला मूळ नकाशा ही केवळ एक देखणी चीज नसून लोकनिर्णयाची ती एक अस्सल सनद आहे, आणि जो आराखडा नामंजूर झाला त्याचे मोलही मंजूर झालेल्या आराखड्याहून तिळमात्र कमी नाही, हे सोदाहरण सांगावे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम हा कागद असतो तरी कसा, ते पाहू. एका इमारतीसाठी एकच नकाशा निघतो असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः तिच्यासाठी कागदांची एक मालिकाच सिद्ध होते. जमिनीवर भिंती कोठे येतील हे दाखविणारा तळाचा नकाशा, इमारत उभी चिरली असता आत काय दिसेल हे दाखविणारा छेद, रस्त्यावरून समोरासमोर पाहिले असता ती कशी दिसेल हे दाखविणारा दर्शनी उठाव, आणि ह्या सर्वांच्या पलीकडे, जाणत्या-अजाणत्या सर्वांना समजावे म्हणून जलरंगात रंगविलेले यथादर्शन चित्र, ज्यात आकाशात ढग असतात, रस्त्यावरून घोडागाड्या धावत असतात आणि अद्याप न बांधलेल्या पायऱ्यांवरून माणसे चढत-उतरत असतात. पहिले तीन कागद गवंड्यासाठी आणि अभियंत्यासाठी. चौथा कागद सभासदांसाठी, देणगीदारांसाठी आणि जनतेसाठी. वाद होतो तो बहुधा ह्या चौथ्या कागदावरून, कारण कौल देणाऱ्यांपैकी बहुतेकांना तोच एक कागद वाचता येतो.

एकोणिसाव्या शतकातील असा एखादा अस्सल नकाशा जवळून पाहण्याचा योग आला तर त्याच्या पृष्ठभागावर कामाचे सारे टप्पे उमटलेले दिसतात. काळ्या शाईच्या रेघेखाली पेन्सिलीची पुसट रेघ असते; कमानीच्या मध्याशी कंपासाच्या टोकाने पाडलेले सुईएवढे छिद्र असते; कोपऱ्यांवर फळ्याला कागद ठोकल्याची भोके असतात; एखाद्या खिडकीची रुंदी बदलली असेल तर तेथे वस्तऱ्याच्या पात्याने शाई खरवडल्याने कागदाचा खरखरीतपणा बोटाला जाणवतो. छेदाच्या नकाशात विटेला तांबडा, लाकडाला पिवळसर तपकिरी आणि लोखंडाला निळा रंग देण्याचा परिपाठ असे, म्हणून जाणकाराला पाहताक्षणी भिंतीच्या पोटात कोठे काय दडले आहे ते कळते. कागद उजेडासमोर धरला तर त्यात कारखान्याचे नाव, आणि वॉटमनसारख्या नामांकित इंग्रजी कारखान्याचा कागद असेल तर पुष्कळदा साल देखील, जलचिन्हाच्या रूपाने उमटलेले दिसते. उजव्या हाताच्या खालच्या कोपऱ्यात प्रमाण, तारीख आणि सही. इमारत ठेक्याने द्यावयाची असेल तर त्याच कागदावर ठेकेदाराचीही सही घेण्याची वहिवाट होती, म्हणजे पुढे मापात किंवा मालात काही कमी-जास्त आढळले तर ‘करारात म्हटलेला नकाशा तो हाच’ असे निर्विवादपणे दाखविता येई.

मूळ नकाशा एकच. त्याच्या प्रती अनेक. पूर्वी पारदर्शक केलेल्या तलम कापडावर वा कागदावर हाताने नक्कल उतरवीत. इंग्रज शास्त्रज्ञ सर जॉन हर्शेल ह्यांनी १८४२ मध्ये लोहक्षारांच्या साहाय्याने सूर्यप्रकाशात प्रत उमटविण्याची रीत शोधून काढली, आणि त्या शतकाच्या अखेरच्या दशकांत निळ्या भूमीवर पांढऱ्या रेघांच्या प्रती जगभरच्या बांधकाम खात्यांत रूढ झाल्या. पुढे अमोनिया प्रिंट आली. ह्या प्रती कामाच्या जागी उन्हात उघडल्या जात, चुन्याच्या हातांनी हाताळल्या जात आणि काम संपले की फेकून दिल्या जात. मूळ नकाशा मात्र कचेरीतच राहत असे, म्हणून तोच शेवटी पुरावा ठरतो.

आता सहीविषयी. नकाशावर ज्याची सही त्यानेच तो सर्वस्वी काढला, असे मानणे चुकीचे होईल. मोठ्या वास्तुविशारदाच्या हाताखाली नकाशे उतरविणारे कारकून असत, मापे घेणारे ओव्हरसियर असत, आणि यथादर्शन चित्रे रंगविण्याचे काम तर स्वतंत्र चित्रकाराकडे सोपविले जात असे. बोरीबंदर स्थानकाचे जे सुप्रसिद्ध जलरंगचित्र १८८० मध्ये लंडनच्या रॉयल अकादमीच्या प्रदर्शनात मांडले गेले, ते स्टीव्हन्स ह्यांनी रंगविलेले नसून गॉटलंड बेटावर जन्मलेल्या ॲक्सेल हेग नामक स्वीडिश चित्रकाराच्या कुंचल्यातून उतरलेले होते. तरीही त्या कल्पनेचा धनी स्टीव्हन्स हाच. आपल्याकडील मराठेशाहीतील पत्रे ज्यांनी चाळली आहेत त्यांना ह्यात नवल वाटणार नाही. मजकूर चिटणिसाच्या हातचा असे, परंतु माथ्यावरील शिक्का आणि अखेरचे मोर्तब ज्याचे, जबाबदारी त्याची, आणि तेवढ्यानेच त्या कागदाला हुकुमाचे बळ प्राप्त होई. नकाशावरील सहीचे मर्मही हेच आहे. ती अक्षरकलेची शोभा नव्हे. ‘ही भिंत उभी राहील, हे छप्पर पडणार नाही, आणि पडले तर मला विचारा’ असे ते जनतेला दिलेले वचन होय.

मुंबईच्या त्या वादाकडे वळण्यापूर्वी त्याची राजकीय पार्श्वभूमी ध्यानात घेणे अवश्य आहे. १८७२ च्या कायद्याने मुंबई नगरपालिकेस चौसष्ट सभासदांचे मंडळ मिळाले आणि त्यांतील निम्मे, म्हणजे बत्तीस, करदात्यांनी निवडून द्यावयाचे ठरले. पुढे लॉर्ड रिपन ह्यांनी १८ मे १८८२ रोजी स्थानिक स्वराज्याविषयीचा आपला विख्यात ठराव प्रसिद्ध केला, आणि त्याच रिपन ह्यांच्या हस्ते, ते हिंदुस्थान सोडून जाण्याच्या बेतात असता, ९ डिसेंबर १८८४ रोजी नगरपालिकेच्या नव्या इमारतीची कोनशिला बसविण्यात आली. म्हणजे ही केवळ कचेरीची इमारत नव्हती. हिंदी लोकांना आपल्या शहराचा कारभार आपण पाहण्याचा जो थोडासा अधिकार लाभला होता, त्याला दगडामध्ये मुख देण्याचा तो प्रसंग होता, आणि म्हणूनच ते मुख कोणाचे असावे हा प्रश्न आपोआप उपस्थित झाला.

दोन आराखडे विचारात होते. एक रॉबर्ट फेलोज चिझम ह्यांचा. मद्रास सरकारचे वास्तुविशारद म्हणून त्यांनी तेथील विद्यापीठाचे सिनेट हाऊस उभारले होते, त्रिवेंद्रमचे नेपियर संग्रहालय बांधले होते, आणि पुढे सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यात लक्ष्मीविलास राजवाडा पुरा करून कॉलेजची घुमटाची भव्य इमारतही त्यांनीच रचली. घुमट, छत्र्या, जाळ्या, महिरपी ह्या एतद्देशीय वास्तुरूपांना युरोपीय बांधणीशी मिळवून घेणाऱ्या, पुढे इंडो-सारसेनिक म्हणून ओळखल्या गेलेल्या शैलीचे ते अग्रगण्य पुरस्कर्ते होते, आणि मुंबईसाठीही त्यांनी त्याच धाटणीचा आराखडा दिला. दुसरा आराखडा स्टीव्हन्स ह्यांचा, गॉथिक धाटणीचा. इंग्लंडातील बाथ येथे १८४७ मध्ये जन्मलेले स्टीव्हन्स विशीत सरकारी बांधकाम खात्यात दाखल होऊन हिंदुस्थानात आले. मुंबईस येण्यापूर्वी प्रथम पुण्यास त्यांची नेमणूक झाली होती. पाठीशी नाविकांच्या आश्रयगृहाची आणि बोरीबंदरची अशी दोन यशस्वी कामे असलेल्या ह्या गृहस्थांचाच आराखडा अखेर मान्य झाला, आणि १८९३ मध्ये इमारत पुरी झाली. तिचा मनोरा २५५ फूट उंच असून खर्च अकरा लाखांच्या घरात गेला.

ह्या निर्णयाचा अर्थ लावताना उतावीळपणा करणे योग्य नव्हे. गॉथिक म्हणजे परके आणि घुमट म्हणजे स्वदेशी, असा सोपा निवाडा कोणी केला तर तो इतिहासाला धरून होणार नाही, कारण दोन्ही आराखडे इंग्रजांचेच होते, आणि ‘स्वदेशी’ म्हणजे काय हे ठरविण्याचा अधिकारही चिझम ह्यांनी स्वतःकडेच घेतला होता. उलटपक्षी ज्या मंडळाच्या नावे इमारत उभी राहावयाची होती त्यात हिंदी सभासद होते, आणि युरोपातील स्वतंत्र नगरांच्या नगरमंदिरांची आठवण करून देणारी गॉथिक शैली त्यांच्यापैकी कित्येकांना गुलामीची नव्हे तर नागरिकत्वाची खूण वाटली असेल, हेही संभवते. सर्वांत बोधप्रद गोष्ट पुढेच आहे. विजयी झालेल्या स्टीव्हन्स ह्यांच्या इमारतीवर आज नजर टाकली तर गॉथिक कमानींच्या वर घुमट बसलेले दिसतात, आणि मध्यभागीचा मोठा घुमट तर विजापूरची आठवण करून देतो. पराभूत पक्षाचे म्हणणे विजयी पक्षाने आपल्या कामात असे सामावून घेतलेले पाहिले म्हणजे वाद व्यर्थ गेला असे कोण म्हणेल? परंतु हे समजावयाचे तर दोन्ही नकाशे शेजारी-शेजारी मांडून पाहावे लागतात. एकच नकाशा हाती असेल तर एका बाजूची कैफियत तेवढी कानी पडते.

स्टीव्हन्स ह्यांच्या ह्या दोन्ही इमारतींच्या दगडांत आणखीही काही सह्या दडलेल्या आहेत, ज्या कोनशिलेवर दिसत नाहीत. बोरीबंदरच्या कामात स्टीव्हन्स ह्यांचे साहाय्यक अभियंते होते रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य. कोरीव काम उतरविले ते सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी. नगरपालिकेच्या इमारतीचे बांधकाम वेंकू बाळाजी काळेवार ह्यांनी केले. मूळ नकाशांच्या कडेला अशा माणसांच्या हातची मापे, दुरुस्त्या आणि शेरे आढळतात, आणि ते आढळले म्हणजेच परदेशी वास्तुविशारदाच्या एका सहीमागे किती देशी हात उभे होते त्याचा हिशेब लागतो. नकाशा नष्ट झाला की प्रथम नाहीशी होतात ती हीच नावे. थोरांची नावे संगमरवरावर कोरलेली असल्यामुळे तगून राहतात.

हाच शैलीचा झगडा पाहण्यासाठी मुंबईपर्यंत जाण्याचीही गरज नाही. उंब्रजहून महामार्गाने दक्षिणेस कराड ओलांडून कोल्हापुरास गेले की तो एकाच माणसाच्या दोन इमारतींत पाहावयास मिळतो. मेजर चार्ल्स मँट ह्या लष्करी अभियंत्याने १८७२ ते १८७६ ह्या काळात कोल्हापूरचा टाऊन हॉल बांधला तो उतरत्या छपरांचा आणि टोकदार कमानींचा, निखळ गॉथिक वळणाचा. आणि अवघ्या काही वर्षांनी त्याच मँटने नव्या राजवाड्याचा नकाशा काढला तेव्हा त्यात घुमट, छत्र्या, महिरपी आणि मध्यभागी घड्याळाचा मनोरा अशी एतद्देशीय रूपांची मनोहर गुंफण केली. तो राजवाडा १८७७ मध्ये सुरू होऊन १८८४ मध्ये पुरा झाला, परंतु मँट त्यापूर्वीच, १८८१ मध्ये, निवर्तला होता. बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्याचा मूळ आराखडाही त्याचाच, आणि त्याच्या पश्चात तो सिद्धीस नेला तो वर सांगितलेल्या चिझम ह्यांनी. आपल्या गणितात चूक राहिली असून आपण उभारलेल्या वास्तू कोसळणार, ह्या धास्तीने मँटचे अखेरचे दिवस ग्रासले होते, अशी एक आख्यायिका सांगतात. ती सर्वस्वी खरी असो वा नसो, नकाशावर सही करणाऱ्याच्या उरावर केवढा भार असतो ते तिच्यावरून कळते. आणि एक मनुष्य मरण पावल्यावर दुसऱ्याला त्याची वास्तू पुरी करता आली ह्याचे कारण उघड आहे: नकाशे शिल्लक होते.

आता ह्या विषयाची सागरापलीकडील दोन उदाहरणे पाहू. मुंबई विद्यापीठाचे पदवीदान सभागृह, ग्रंथालय आणि २८० फूट उंचीचा राजाबाई मनोरा ह्यांचे नकाशे ज्यांनी लंडनमध्ये बसून काढले आणि बोटीने मुंबईस धाडले, ते सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट स्वतः हिंदुस्थानात कधीच आले नाहीत. त्यांच्या वाट्याला मायदेशी एक मोठाच विवाद आला होता. परराष्ट्र खात्याच्या इमारतीसाठी १८५६-५७ मध्ये स्पर्धा झाली, पुढे काम स्कॉट ह्यांच्याकडे आले आणि त्यांनी गॉथिक आराखडा सादर केला. तोच पामर्स्टन पंतप्रधानपदी आले आणि त्यांनी गॉथिक शैलीला साफ नकार देऊन इटालियन धाटणीचा आग्रह धरला. पार्लमेंटात खडाजंगी झाली, वर्तमानपत्रांत पत्रापत्री झाली, आणि शेवटी स्कॉट ह्यांनी मान तुकवून इटालियन पद्धतीची इमारत बांधली. मात्र आपल्या आवडत्या गॉथिक आराखड्याचे चित्र त्यांनी रॉयल अकादमीला सभासदत्वाच्या वेळी अर्पण केले. इमारत झाली पामर्स्टन ह्यांच्या मनाजोगी. परंतु स्कॉट ह्यांच्या मनात काय होते ते त्या एका कागदाने जपून ठेवले. विल्यम बर्जेस ह्यांनी मुंबईच्या कलाशाळेसाठी १८६६ मध्ये काढलेला आराखडाही असाच कागदावरच राहिला, कारण खर्चाचा आकडा झेपणारा नव्हता. तथापि न बांधलेल्या त्या इमारतीचा प्रभाव मुंबईत बांधल्या गेलेल्या इमारतींवर पडला, असे वास्तुशास्त्राचे इतिहासकार आवर्जून सांगतात.

दुसरे उदाहरण अलीकडचे आणि अमेरिकेतील. पोर्टलंड शहराने आपल्या नगरपालिकेच्या कचेऱ्यांसाठी १९८० मध्ये स्पर्धा घेतली, आणि फिलिप जॉन्सन ह्यांच्यासारख्या बुजुर्गाच्या सल्ल्याने मायकेल ग्रेव्ह्ज ह्यांचा आराखडा पुढे आला. काचेच्या आणि पोलादाच्या सपाट इमारतींना सरावलेल्या लोकांना ही रंगीत, नक्षीदार, पंधरा मजली चौकोनी वास्तू विलक्षण वाटली. शहरातील वयोवृद्ध वास्तुविशारद पिएत्रो बेलुस्की ह्यांनी तिला कडाडून विरोध केला, तरी १९८२ मध्ये ती उभी राहिली. खिडक्या लहान, आत उजेड कमी, भिंतींतून पाणी झिरपते, अशा तक्रारी वर्षानुवर्षे होत राहिल्या. ती पाडून टाकावी असेही बोलले गेले. पण १९८२ च्या त्या इमारतीला २०११ मध्ये ऐतिहासिक वास्तूंच्या राष्ट्रीय यादीत स्थान मिळाले, आणि पुढे झालेल्या मोठ्या दुरुस्तीत तिच्या दर्शनी भागावर ॲल्युमिनियमच्या पत्र्यांचे नवे आवरण चढविण्यात आले. मूळ पृष्ठभाग आता झाकला गेला असल्यामुळे ग्रेव्ह्ज ह्यांच्या मनातील रंग आणि प्रमाण नेमके काय होते, हे विचारावयाचे झाले तर त्यांच्या हातच्या रंगीत चित्रांनाच विचारावे लागते.

त्याच सुमारास एक नवी प्रवृत्तीही उदयास आली. १९७७ मध्ये न्यूयॉर्कच्या लिओ कॅस्टेली ह्यांच्या कलादालनात वास्तुविशारदांच्या रेखाटनांचे प्रदर्शन भरले, आणि तेव्हापासून अशा सहीच्या नकाशांना चित्रांप्रमाणे किंमत येऊ लागली. संग्राहक पुढे आले, लिलाव होऊ लागले. ह्यात सर्वस्वी वाईट काही नाही. किंमत आली म्हणजे निगा येते. काचेखाली बसविलेला कागद वाळवीच्या तोंडी जात नाही. परंतु सार्वजनिक इमारतीचा नकाशा दिवाणखान्याच्या भिंतीवर गेला की त्याची मालिका तुटते. तळाचा नकाशा एकाकडे, छेद दुसऱ्याकडे आणि पत्रव्यवहार कोठेच नाही, अशी स्थिती झाल्यावर त्या सुंदर चित्राचा पुरावा म्हणून काही उपयोग उरत नाही. सही खरी की खोटी हे ठरविण्यासाठीदेखील कागद कोणाकडून कोणाकडे गेला ह्याची अखंड साखळी लागते, आणि ती साखळी सरकारी दप्तराइतकी विश्वसनीय दुसरीकडे क्वचितच मिळते.

ज्या लोकांनी करापोटी पैसा दिला, ज्यांच्या प्रतिनिधींनी वाद घालून निर्णय घेतला, त्या लोकांचाच त्या कागदावर पहिला हक्क आहे, असे मी निःसंकोचपणे म्हणतो. आणि हा हक्क जितका मुंबईच्या महानगरपालिकेला लागू आहे तितकाच उंब्रजच्या ग्रामपंचायतीलाही आहे. आपल्या गावांत चावडी, शाळा, दवाखाना, समाजमंदिर, पाणीपुरवठ्याची टाकी अशी कामे निघतात. जागेवरून दोन आळ्यांत तंटा होतो, आराखडा बदलतो, अंदाजपत्रक फिरते, ग्रामसभेत ठराव होतो आणि इमारत उभी राहते. पंचवीस वर्षांनी छप्पर गळू लागले म्हणजे मात्र पाया किती खोल आहे, तुळईत सळई कितीची आहे, सांडपाण्याची मोरी कोणत्या भिंतीखालून गेली आहे, हे सांगणारा एक कागद कचेरीत सापडत नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेच्या भूकंपाने पाटण-कराडचा मुलूख हादरला, तेव्हा दुरुस्ती करू पाहणाऱ्यांपुढे हाच प्रश्न होता. भिंतीच्या पोटात काय आहे ते ठाऊक नसेल तर ती भिंत राखावी की पाडावी, हे अनुभवी मिस्त्रीलाही केवळ अंदाजानेच ठरवावे लागते. २०१९ च्या महापुरात सांगली आणि कराडच्या बाजूस कृष्णाकाठच्या घरांत आणि कचेऱ्यांत पाणी शिरले तेव्हा किती कागदांचा लगदा झाला असेल, ह्याची कल्पनाही करवत नाही.

उपाय फार खर्चाचे नाहीत. नकाशा घडी करून फायलीत दाबू नये, कारण तो घडीवरच प्रथम फाटतो. सपाट खणात अथवा रुंद नळीभोवती गुंडाळून ठेवावा. निळ्या प्रती उन्हात आणि विजेच्या दिव्याखाली फिक्या पडतात, म्हणून त्या अंधारात राहाव्यात. चिकटपट्टी कधीही लावू नये. पावसाळ्यात आमच्या खोऱ्यात जी ओल येते तिच्यामुळे बुरशी, आणि बुरशीमागून कसर व वाळवी येते, तेव्हा खण जमिनीपासून आणि भिंतीपासून अंतर सोडून असावा, आणि नदीकाठच्या गावांनी तर तो वरच्या मजल्यावरच ठेवावा. प्रत्येक नकाशाचे छायाचित्र काढून त्याची एक प्रत तालुक्याच्या ठिकाणी आणि एक जिल्ह्यास असावी. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ पासून अमलात आहे आणि त्यान्वये नागरिकाला अशा कागदाची नक्कल मागता येते. पण जो कागद कचेरीतच नाही त्याची नक्कल कोणता कायदा देऊ शकेल?

ह्याहूनही महत्त्वाची एक गोष्ट आहे, आणि ती करण्यास एक पैसाही लागत नाही. नामंजूर झालेला आराखडा फेकून देऊ नये. ज्या ठरावाने एक नकाशा मान्य झाला त्याच ठरावाच्या जोडीला दुसरा नकाशा, त्यावरील सही आणि तो का नाकारला ह्याची दोन ओळींची कारणे बरहुकूम जतन व्हावीत. आज आपल्याला स्टीव्हन्स ह्यांची इमारत दिसते आणि चिझम ह्यांची कल्पना ग्रंथांत शोधावी लागते; पामर्स्टन ह्यांची शैली लंडनमध्ये उभी आहे, आणि स्कॉट ह्यांची बाजू मात्र त्यांनी स्वतः जपून ठेवली म्हणूनच कळते. लोकशाहीत बहुमताने निर्णय होतो, आणि तसाच तो झाला पाहिजे. परंतु अल्पमताचे म्हणणे काय होते हे पुढच्या पिढीला वाचता आले नाही, तर तो निर्णय विचारांती झाला होता की केवळ दडपणाने, हे तिला कसे कळावे? मंजूर नकाशावरील सहीने एका माणसाला इमारतीचा जबाबदार केले आहे. नामंजूर नकाशा जपून ठेवला म्हणजे निवड करणारे सारे गावच त्या निवडीला जबाबदार होते. आपल्या इमारतींविषयी इतकी जबाबदारी जे गाव स्वखुशीने पत्करील, त्याचा कारभार इतर बाबतींतही चोख राहील, असा माझा दृढ विश्वास आहे.